मतलई

नकाशा माझा होता, पुण्यात काढलेला.
लाल रेघ चिलरच्या खोलीतून निघून सात मजले चढत
गच्चीच्या पश्चिम कठड्याशी संपत होती.
तिथून समुद्र दिसतो म्हणून नव्हे,
तिथवर पाइप सर्वांत कमी लागत होता.

नझीर होडेकरांनी कागद टाकीच्या झाकणावर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार फ्लँज ठेवले
आणि विचारलं, "ताजी हवा कुठनं घेता?"
मी पूर्वेकडची जाळी दाखवली.
अंतर तीस फूट. नियमात वीस.
"आणि दुपारी वारा कुठचा?"

नकाशावर उत्तरेचा बाण असतो,
वाऱ्याचा नसतो.

त्यांचे वडील मिरकरवाड्यातून होडी काढायचे.
पहाटे मतलई, जमिनीकडून; तिच्यावर शीड सोडून बाहेर.
दुपारी समुद्राकडचा, त्याच्यावर घरी.
"वाऱ्याची ड्युटी ठरलेली हाय," म्हणाले,
"सुट्टीसुद्धा सांगून घेतो."

मग बोट लाल रेघेच्या टोकावर.
"इथं तोंड ठेवलंत, दुपारी चकती फुटली,
तर सगळा गॅस सरळ जाळीत.
वास नाय, रंग नाय, हवेहून जड.
भरतीचं पाणी खाजणात शिरतं ना,
तसा तळातून पसरत जाणार.
ही जाळी कुणाची?"

चौथ्या मजल्याची.
"चौथ्यावर काय?"
नवजात बाळं, मी म्हटलं.
त्यांनी एक फ्लँज उचलला
आणि कागदाचा तो कोपरा उडू लागला.

पूर्वेलाही नको, तिथे मतलई आहे.
शेवटी उत्तरेचा कोपरा, लिफ्टच्या खोलीच्या वर,
दोन्ही वाऱ्यांना आडवा.
अकरा मीटर वाढले.
लांबी वाढली की श्वास अडतो,
म्हणून रात्री लॉजवर, पंख्याखाली कागद दाबून,
मी तीन इंचांचे चार केले.
ठेकेदार बेंडल फोनवर बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "मॅडम, ज्यातून कधी काही जाणार नाही
त्याच्यावर एवढा खर्च?"

नऊ दिवस लागले.
मधे कुठेही कॉक नाही, हे नझीरभाईंनी
हाताखालच्या विघ्नेशला रोज सकाळी म्हणायला लावलं,
परवचा म्हणावा तसं.
पाइपाचं वजन भिंतीवर, व्हॉल्व्हवर नाही.
ब्रॅकेटवर तीन हात रंग, कारण इथलं खारं वारं
लोखंडाला चहातल्या बिस्किटासारखं खातं.
आणि उभ्या पाइपाच्या पायथ्याशी
एक छोटं पोट, खाली बूच.

एका हॉटेलात त्यांनी असलं पोट नसलेला पाइप उघडला होता.
तीन पावसाळ्यांचं पाणी अंगावर आलं,
तांबडं, कोमट,
आणि त्यात मेलेली एक पाकोळी.
चकती बोटाने चुरली.
"तीन वर्षं लोक वर झोपत होते," एवढंच म्हणाले,
आणि बूच पुन्हा आवळून पाहिलं.

तोंड बसवलं त्या दुपारी
विघ्नेशने सिमेंटच्या गोणीची एक पट्टी फाडून
तिथे बांधली. गंमत म्हणून.
पट्टी लगेच जमिनीकडे वळली.
"कधी सुटणार गॅस?" त्याने विचारलं.
"अल्लाच्या मर्जीनं, कधीच नाय,"
नझीरभाई म्हणाले, आणि पाने गोळा करू लागले.

माझी गाडी सातची होती.
मी साडेपाचला गच्चीवर गेले,
चप्पल हातात, फरशी गार.
भाट्याकडे एकदोन दिवे हलत होते.
पट्टी आता समुद्राकडे ताठ.

अंतिम नकाशात मी दोन बाण काढले,
एक दुपारचा, एक पहाटेचा.
पुण्याच्या ऑफिसात विचारलं गेलं, हे काय?
पट्टीबद्दल बिलात काही नाही.
ती काढायची राहून गेली असावी.